उसने यशवंतराव

कागदावर रकाना आखलेला असेल तर तो भरलाच पाहिजे, हे ज्योतीराम गुरुजींच्या अंगात इतकं मुरलं होतं की एकदा पोस्टातल्या एका फॉर्मावर 'या जागेत काही लिहू नये' असं छापलेलं वाचून ते बराच वेळ अस्वस्थ उभे होते. शेवटी त्या जागेत 'वाचले' असं बारीक अक्षरात लिहून त्यांनी खाली सही केली, तेव्हा कुठे त्यांना सुटल्यासारखं वाटलं. पोस्टमास्तरांनी नवा फॉर्म दिला. गुरुजींनी त्यावरही तेच केलं.

एवढं सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढं जे रामायण झालं त्याचा दोष गुरुजींच्या स्वभावाला द्यायचा, की पुण्याच्या श्रमारोग्य पाहणी कचेरीला, याचा निवाडा ज्याचा त्यानं करायचा आहे.

सन छप्पनची दिवाळी होऊन गेली होती. पिंपळे गुरवच्या एकशिक्षकी शाळेत टपालानं एक जाडजूड लखोटा आला. आत अकरा फॉर्म होते. मथळा होता, 'शिक्षक व इतर कामगार यांच्या आरोग्यविषयक सवयी व मनःस्वास्थ्य यांची तौलनिक पाहणी'. दहा फॉर्म कारखान्यातल्या कामगारांना विचारून भरायचे आणि अकरावा गुरुजींनी स्वतःचा. सरकारला काहीही मोजायचं झालं की पहिली आठवण मास्तरची होते. मतदार मोजायचे, विहिरी मोजायच्या, देवी टोचलेली पोरं मोजायची, सगळं मास्तरच्या गळ्यात. आदल्या वर्षी गुरुजींनी गावातल्या कोंबड्या मोजल्या होत्या आणि एक कोंबडी दोनदा मोजल्याबद्दल लेखी खुलासाही दिला होता. त्या मानानं माणसं मोजणं सोपं, असं त्यांना वाटलं.

कामगार शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. नदीपलीकडे पिंपरीला कारखाने उभे राहत होते आणि गावातली आठ-दहा माणसं तिकडे कामाला लागली होती. त्यातला एक तर गुरुजींच्या शेजारीच राहायचा. गवराबाईंच्या घराच्या मागच्या अंगाला पत्र्याचे आडोसे घालून तीन खोल्या पाडल्या होत्या. एकीत परभणीकडचा मालोजी, मधलीत गुरुजी, तिसरीत गवराबाईंचं सरपण. मालोजी शिफ्टमध्ये असायचा, गुरुजी शाळेत. त्यामुळे वर्षभर शेजारी राहूनही दोघांचं बोलणं 'काय गुरुजी' आणि 'हं, काय मालोजी' याच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं.

"विचारा गुरुजी, काय विचारायलाव ते," मालोजी मांडी घालून बसत म्हणाला.

"झोप किती तास?"

"पडलं की लागती. भोंगा झाला की उठतो."

"वजन?"

"दर महिन्याला कंपनीचा डॉक्टर काट्यावर हुबं करतो. औंदा चार पौंड वाढलं."

गुरुजींचं वजन शेवटचं झालं होतं ते चौतीस साली, ट्रेनिंग कॉलेजात. त्यांनी मान खाली घालून चार पौंड लिहून घेतले. व्यायाम, दात, डोळे, तंबाखू असं करत करत ते शेवटच्या रकान्याशी आले. एकोणिसाव्या. 'मनावर ताण आल्यास आपण कोणाशी बोलता? सदर (हयात) इसमाचे नाव, वय, पत्ता व शेवटचे संभाषण किती दिवसांपूर्वी झाले ते नमूद करावे.'

"ताण म्हंजी?" मालोजीनं विचारलं.

"म्हणजे... जीव जड झाला तर."

"आसं का! मग लिवा. बबनराव, माझ्या मशिनीवरचा. त्याला काल सांगितलं. मग आमचा फोरमन. मग कँटीनवाला, तो लई ऐकून घेतो. मग होडीवाला तात्याबा, मग..."

अकरा नावं झाली. रकाना संपला, समास संपला. गुरुजींनी 'पुरवणी जोडली आहे' असं लिहून वेगळा कागद लावला. बाकीच्या नऊ कामगारांनीही असंच केलं. कुणी पाच नावं सांगितली, कुणी सात. एकानं तर आपल्या बैलाचं नाव सांगितलं आणि तो हयात आहे असंही बजावलं. गुरुजींनी नियम पाहिला. 'इसम' म्हटलं होतं, तेव्हा बैल कापावा लागला.

मग ते स्वतःच्या फॉर्मापाशी आले.

आरोग्यपाठ गुरुजी गेली बावीस वर्षं शिकवत होते. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा, ताठ बसावं, मोकळ्या हवेत फिरावं, मन प्रसन्न ठेवावं. पोरांना हे सगळं तोंडपाठ होतं. गुरुजी स्वतः मात्र भाकरी उभ्यानं खायचे, कारण बसून खाताना समोरची रिकामी जागा दिसायची. त्यांनी सगळं खरं लिहिलं. व्यायाम: चार इयत्ता चार कोपऱ्यांत बसत असल्याने दिवसाला अदमासे पावणेदोन मैल. व्यसन: तपकीर, खडूच्या धुळीवर उतारा म्हणून. राग आल्यास काय करता: एकोणतीसचा पाढा म्हणतो. तरीही न गेल्यास: उलटा म्हणतो.

एकोणिसाव्या रकान्याशी टाक थांबला.

टाकाच्या टोकावर पत्नीचं, सावित्रीबाईंचं नाव आलं होतं. पण कंसात स्पष्ट 'हयात' छापलं होतं, आणि सावित्रीबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी बारामतीला दिलेली. तिची कार्डं यायची, तीही 'सर्व खुशाल' एवढीच. आपला जड जीव तिच्या सासरी कार्डावर कसा पाठवायचा? कार्ड तर सगळं घर वाचतं. शाळेत हेडमास्तर कोण, तर ते स्वतः. गावात मान होता. पाटील उठून उभे राहायचे, बायका पदर सावरायच्या, माणसं विडी विझवायची. एवढ्या मानाच्या माणसाशी कुणी दोन शब्द बोलत बसत नाही.

बराच वेळ बसून गुरुजींनी लिहिलं, 'निरंक'.

पंधरा दिवसांनी फॉर्म परत आला. तांबड्या शाईनं शेरा होता, 'रकाना १९ मध्ये निरंक चालणार नाही. पूर्तता करून पाठवावे.'

आता इथं गुरुजींची एक खोड सांगायला हवी. बावीस वर्षं शुद्धलेखन घालून घालून त्यांना मोठ्यानं म्हटल्याशिवाय लिहिताच येत नसे. प्रत्येक शब्द दोनदा, सावकाश, विरामचिन्हांसकट. आणि मधे नुसता पत्रा. त्यामुळे गुरुजींच्या टपालातलं गवराबाईंना सगळं ठाऊक असायचं, आणि त्यावर त्यांचं मतही असायचं.

"गुर्जी," त्या सरपणाच्या खोलीतूनच म्हणाल्या, "त्यात द्येवाचं नाव लिवा की. रोज पूजेला बसल्यावर बोलताच न्हवं?"

सूचना वाईट नव्हती. गुरुजींनी लिहिलं, 'परमेश्वर'. शेवटचं संभाषण, 'आज सकाळी'.

हाही परत आला. 'सदर इसमाचे वय व पत्ता नमूद नाही. तसेच संभाषण उभयपक्षी होते काय, याचा खुलासा व्हावा.'

गुरुजी त्या शेवटच्या वाक्याकडे पाहत राहिले. कारकुनानं ते कामाचा भाग म्हणून लिहिलं असणार, पण गुरुजींना ते लागलं. सकाळची पूजा त्यांनी त्या दिवशी घाईनं उरकली.

तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी जन्मात कधी न केलेली गोष्ट केली. सरकारी कागदावर खोटं लिहिलं. "यशवंतराव, यशवंतराव, स्वल्पविराम, वय सेहेचाळीस, वय सेहेचाळीस, स्वल्पविराम, मुक्काम चाकण, मुक्काम चाकण, पूर्णविराम." असे कुणी यशवंतराव नव्हते. चाकण एवढ्यासाठी की ते लांब होतं.

"ह्ये कोण यशवंतराव?" पत्र्यापलीकडून विचारणा झाली.

"आहेत एक. जुने स्नेही."

"कवा आलं न्हाईत त्ये?"

"त्यांना... दमा आहे. प्रवास सोसत नाही."

इथून यशवंतराव जे वाढायला लागले ते थांबेनात. दुसऱ्या दिवशी मालोजीनं विचारलं, तेव्हा त्यांना कांद्याची शेती आली. तिसऱ्या दिवशी दोन मुलगे आले. आठवड्याच्या अखेरीस यशवंतरावांना गुळाचा चहा आवडत होता, त्यांचा एक बैल मारका होता, आणि ते गुरुजींना 'ज्योतीबा' अशी एकेरी हाक मारत होते. ही शेवटची गोष्ट गुरुजींनी कुणी न विचारताच सांगितली. एकेरी हाक ऐकून त्यांना कैक वर्षं झाली होती. सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला की गवराबाईंनी त्या दम्यासाठी अडुळसा वाळत घातला.

आणि मग चौथं टपाल आलं. पाहणी पूर्ण होत आल्यानं काही फॉर्मांची जागेवर पडताळणी करण्यात येणार होती. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता कचेरीचे डॉक्टर समक्ष येतील. 'रकाना १९ मधील इसमास हजर ठेवावे. माहिती खोटी आढळल्यास सेवापुस्तकात तांबड्या शाईने नोंद घेतली जाईल.'

गुरुजींचं सेवापुस्तक बावीस वर्षं कोरं करकरीत होतं. त्यात तांबडं यायचं म्हणजे बदनामी होतीच. पण खरं सांगायचं तर त्यांना शाईची भीती नव्हती, त्या शाईनं काय लिहिलं जाईल याची होती. 'सदर शिक्षकास बोलण्यास कोणीही इसम नाही.' हे पुण्याचा कारकून वाचणार, शिपाई वाचणार, केंद्रातले सगळे मास्तर वाचणार. आजवर ही गोष्ट फक्त गुरुजींना आणि त्या खोलीच्या चार भिंतींना ठाऊक होती. त्यातल्याही दोन पत्र्याच्याच.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना तपासणीची आठवण झाली.

खेड्यातल्या शाळेची तपासणी म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. पटावर पोरं एक्केचाळीस असतात आणि वर्गात तेवीस. बाकीची गुरांमागे, नाहीतर खळ्यावर. साहेबांनी हजेरी कमी पाहिली की शाळा बंद. म्हणून आदल्या दिवशी शेजारच्या गावच्या शाळेतून पोरं उसनी आणायची. ती इथल्या गैरहजर पोरांची नावं पाठ करून येतात, पुकारा झाला की हात वर करतात, आणि साहेबांची पाठ वळली की गूळ-शेंगदाणे खाऊन परत जातात. गुरुजींचा हा व्यवहार पिंपळे सौदागरच्या उद्धवराव मास्तरांशी होता. मधे शेतातून अडीच मैलांची पाऊलवाट. नऊ वर्षं पोरांची ये-जा अखंड चालली होती, पण दोन मास्तर एकमेकांना एकदाही भेटले नव्हते. दोघांची केंद्रं वेगळी, मासिक सभा वेगळ्या, आणि पहिल्याच चिठ्ठीत उद्धवरावांनी अट घातली होती, 'आपली ओळख दिसू नये. दोन मास्तर एके ठिकाणी बसलेले कोणी पाहिले की पोरे कोठून येतात ते जगजाहीर होईल.' अट गुरुजींना पटली होती.

चिठ्ठ्या नेण्या-आणण्याचं काम गोजाबाईकडे. ती सौदागरहून भाजीची पाटी घेऊन रोज इकडे यायची. चिठ्ठी मेथीच्या जुडीखाली. मजकूर ठरलेला. 'गुरुवारी तपासणी. तिसरीची चार, दुसरीची तीन पाठवावीत. मागच्या खेपेचा शिंकणारा नको.' कागद उरला तर खाली एखादी ओळ. 'खोकला अजून आहे. कळावे.' उलट टपाली सात पोरं यायची आणि एकाच्या हातात ज्येष्ठमधाची कांडी असायची. गुरुजी 'पोरे सात व कांडी एक पोचली' अशी रीतसर पोच द्यायचे. उद्धवरावांच्या चिठ्ठीतही शेवटी एखादी ओळ असायची. 'मुलगा पलटणीत आहे, पत्र नाही.' 'दही वर्ज्य केले आहे.' गुरुजी या ओळी वाचायचे, आणि चिठ्ठ्या एका डब्यात ठेवायचे. पुरावा म्हणून.

तर पोरं उसनी मिळतात, मग माणूस का मिळू नये? गुरुजींनी तोंडावर हात ठेवून, मनातल्या मनात म्हणत, चिठ्ठी लिहिली. 'रविवारी तपासणी, परंतु शाळेची नव्हे. माझी. वय सेहेचाळीसच्या सुमाराचा एक इसम पाठवावा. नाव यशवंतराव, मुक्काम चाकण, हे पाठ करून यावे. दमा असल्यास उत्तम.'

गोजाबाईनं चिठ्ठी नेली. नेहमी दुसऱ्या दिवशी येणारं उत्तर या वेळी तीन दिवसांनी आलं. 'इसम पाठवीत आहे.' खाली ओळ नव्हती.

"मास्तर बरे आहेत ना?" गुरुजींनी विचारलं.

"हायेत की," गोजाबाई म्हणाली. "चिठी वाचली आन् हसलं. मग लई येळ गप बसलं. मी इचारलं, काय लिवलंय? तर म्हनलं, काय न्हाई, मेथी चांगली हाय."

रविवार उजाडला. मालोजीनं सुट्टीचा ओव्हरटाइम सोडून कुठूनशी खुर्ची पैदा केली. यशवंतरावांना पाहायचं म्हणून शेजारच्या चार बायका सरपणाच्या खोलीत दाटीनं बसल्या. साडेदहाला पाऊलवाटेनं एक माणूस आला. किडकिडीत, टक्कल पडलेला, काखेत छत्री, बंद गळ्याचा कोट. कांद्याचा शेतकरी काही तो दिसत नव्हता. दारात उभं राहून त्यानं हात जोडले आणि एका दमात म्हटलं, "मी यशवंतराव, वय सेहेचाळीस, मुक्काम चाकण."

"हळू," गुरुजी कुजबुजले. "डॉक्टर अजून यायचेत."

"बरं," तो म्हणाला, आणि खोलीभर नजर फिरवून भिंतीलगतच्या, स्कूल बोर्डाचा शिक्का असलेल्या बुटक्या स्टुलाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

अकराला जीप आली. डॉक्टर मध्यम वयाचे, थकलेले. सोबत कारकून हिंदुराव, तोच तो तांबड्या शाईवाला. डॉक्टरांनी नियम सांगितला, इसमाला एकट्याला विचारायचं, गुरुजींनी बाहेर बसायचं. गुरुजी सरपणाच्या खोलीत गेले. गवराबाईंनी त्यांना पत्र्याला लागून चांगली जागा करून दिली.

"गुरुजींना किती वर्षं ओळखता?" पत्र्यापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला.

"नऊ."

"ते तुम्हांला काय सांगतात?"

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. हे काही पाठ करून घेतलं नव्हतं.

"गेल्या पौषात खोकला होता," इसम सावकाश बोलू लागला. "तीन आठवडे. ज्येष्ठमधानं उतरला. बसायचं स्टूल बुटकं आहे म्हणून पाठ धरते. बदलून मागितलं तर बोर्ड म्हणालं, उंच स्टूल शिल्लक नाही. मार्गशीर्षात एक दिवस असा असतो की त्या दिवशी ते तपासणी आली तरी पोरं मागवत नाहीत. मंडळींचं वर्षश्राद्ध असतं. आणि एकदा त्यांनी लिहिलं... म्हणजे बोलले, की घरात कोणी बोलायला नसलं म्हणजे माणूस वर्गात जास्त ओरडतो. मी ते वाचून... ऐकून, त्या दिवशी माझ्या पोरांवर ओरडलो नाही."

गुरुजींना ती ओळ आठवली. चिठ्ठीत तळाला बोटभर जागा उरली होती. जागा रिकामी नको म्हणून त्यांनी ती लिहिली होती.

तेवढ्यात गवराबाईंना राहवलं नाही. त्या वाटी घेऊन सरळ आत गेल्या. "ह्यो अडुळशाचा काढा घ्या, यशवंतराव. दम्यानं लई सोसलंसा."

"दमा?" डॉक्टरांनी नळी कानाला लावली. इसमाचा कोट उघडला, छातीला नळी लावली, पाठीला लावली. "दमा नाही."

"होता," इसम म्हणाला. "गुरुजींशी बोललं की बरा असतो." आणि त्यानं तो कडूजार काढा तोंड न वाकडं करता सगळा पिऊन टाकला.

गुरुजींना आत बोलावलं. इसमानं सही करायची होती. त्यानं टाक उचलला, तेव्हा गुरुजींनी त्याचा हात पाहिला. मधल्या बोटावर तांबड्या शाईचा जुना डाग होता. कोटाच्या बाहीच्या शिवणीत खडूची भुकटी होती. आणि कागदावर 'यशवंतराव' अशी जी सही उमटली ते अक्षर गुरुजींनी नऊ वर्षं मेथीच्या जुडीखालून काढून वाचलेलं होतं.

"झालं," डॉक्टर उठले. "गुरुजी, तुम्हांला तीन वाजता पिंपळे सौदागरला यावं लागेल. तिथले मास्तर कोण हो, हिंदुराव?"

"उद्धवराव," हिंदुरावांनी गठ्ठा चाळला. "त्यांच्या रकान्यात ह्या गुरुजींचं नाव आहे. पहिल्याच खेपेला लिहिलंय. निरंक नाही, परमेश्वर नाही, काही नाही. हजर ठेवा म्हणून त्यांना पत्रही गेलंय. कळवलं असेल की त्यांनी तुम्हांला."

गुरुजींनी यशवंतरावांकडे पाहिलं. यशवंतराव छत्रीच्या काड्या नीट करत होते.

जीप औंधावरून वळसा घालून, वाटेत जेवण करून जाणार होती. ती दिसेनाशी झाल्याबरोबर दोघे पाऊलवाटेला लागले. ज्वारी काढून झाली होती, धसकटं पायांना टोचत होती. मैलभर कुणीच बोललं नाही. नऊ वर्षांत शंभरावर चिठ्ठ्या झाल्या असतील, पण समोरासमोर सुरुवात कशी करायची ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. चिठ्ठीत निदान तपासणीपासून सुरुवात करता यायची.

"तुम्ही कळवलं नाहीत," शेवटी गुरुजी म्हणाले.

उद्धवरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढून दिला. 'येत्या रविवारी आपण स्वतः याल काय? एका कामासाठी आपल्याला न विचारता आपले नाव लिहिले आहे. राग नसावा.'

"गोजाबाईच्या पाटीत घालणार होतो. तेवढ्यात तुमची आली. एक इसम हवा म्हणून. वाचलं, आणि माझी खिशातच राहिली."

गुरुजींना वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. "मला वाटलं, आपला व्यवहार पोरांपुरता..."

"असेल," उद्धवराव म्हणाले. ते रागावले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. "पण तुम्ही माझं नाव लिहिलं असतंत, तर मला चाकणहून यावं लागलं नसतं. आणि तो काढाही वाचला असता."

गुरुजींना हसू फुटलं. ते आवरायला गेले आणि त्याचा खोकला झाला. उद्धवरावांनी थांबून, काही न बोलता, दुसऱ्या खिशातून ज्येष्ठमधाची कांडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मग वाट संपेपर्यंत ते बोलले. पलटणीतल्या मुलाचं पत्र आलं होतं, पण त्यात त्यानं परस्पर लग्न ठरवल्याचं होतं. दही सुटलं होतं, पण पोट तसंच होतं. गुरुजींनी नुसतं ऐकून घेतलं. आपल्यालाही ते येतं, हे त्यांना नव्यानं कळत होतं.

तीन वाजता डॉक्टर सौदागरच्या शाळेत शिरले तेव्हा खुर्चीवर यशवंतराव बसले होते. शेजारी गुरुजी. दोघांच्या धोतरांना कुसळं.

"साहेब," हिंदुराव ओरडले, "हे तर सकाळचे चाकणचे..."

डॉक्टरांनी दोघांकडे बराच वेळ पाहिलं. ते दिवसभर कामगारांच्या पुरवण्या आणि मास्तरांचे निरंक वाचत फिरत होते. "हिंदुराव," ते म्हणाले, "मास्तर लोकांची तोंडं सारखीच असतात. लिहा. उद्धवराव मास्तर, रकान्यातल्या इसमाशी शेवटचं संभाषण कधी?"

"आज दुपारी."

"उभयपक्षी होतं काय?"

"होय," गुरुजी म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी हिंदुरावांकडून आपला फॉर्म मागून घेतला. बावीस वर्षांत गुरुजींनी सरकारी कागदावर खाडाखोड केली नव्हती. त्यांनी यशवंतरावांच्या नावावरून एक सरळ रेघ ओढली. कांद्याची शेती, दोन मुलगे, मारका बैल, सगळं त्या रेघेखाली गेलं. वर लिहिलं, 'उद्धवराव.' त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं, दोनदा, सावकाश. हिंदुराव म्हणाले की खाडाखोडीपाशी सही लागते. दोघांनीही केली. तांबड्या शाईची नोंद व्हायची ती झाली, 'रकाना १९ मध्ये दुरुस्ती केल्याबद्दल समज देण्यात आली.' गुरुजींनी तिच्याखालीही 'वाचले' असं लिहून सही केली.

मंगळवारी गोजाबाई आली. मेथीच्या जुडीखाली चिठ्ठी होती.

'ज्योतीबा, येत्या रविवारी तपासणी नाही. पोरे पाठवू नयेत. स्वतः यावे.'

खाली कागद बराच कोरा होता. गुरुजींनी तो तसाच राहू दिला.